लेक्चर कळतं, पण स्वतःला सोडवता येत नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मुलीचा प्रश्न आधी थोडक्यात देते. गुजराती माध्यमातून, बी ग्रुप (गणिताऐवजी जीवशास्त्र) घेऊन बारावी झाली, ८४ टक्के होते. नीटमधून जागा मिळाली नाही म्हणून बी.एस्सी.ला आली, मुख्य विषय रसायनशास्त्र, सोबत भौतिकशास्त्र. ती लिहिते: ‘मॅडम, वर्गात सर शिकवतात तेव्हा सगळं कळतं. टेस्टच्या आधी नोट्स तीनदा वाचल्या होत्या. तरी ३० पैकी ११ मिळाले. प्रॅक्टिकलची जर्नलं सगळे सीनियरची उतरवतात, मीही उतरवते. घरी म्हणतात, बी.एस्सी.च तर आहे, एवढं काय. मी सायन्ससाठी नाहीच का?’

मी बडोद्यात चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं पहिल्या वर्षाचे वर्ग माझ्याकडे होते आणि ते मी मागून घेत असे. म्हणून ह्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन मला चालणार नाही.

बाळ, शेवटच्या ओळीचं उत्तर आधी. त्या ११ गुणांवरून एवढंच ठरतं की बारावीची अभ्यासाची रीत इथं पुरी पडत नाही. पहिल्या टेस्टनंतर दर वर्षी स्टाफरूमच्या दाराशी अशी मुलं उभी असायची, आणि त्यांत बारावीला ऐंशी-नव्वद टक्के मिळवलेलीच जास्त असायची. कारण बहुतेक वेळा एकच निघायचं. तुझ्या पहिल्याच वाक्यात ते आलं आहे: ‘कळतं’.

‘कळतं पण वळत नाही’ असं आपण म्हणतो. अभ्यासात ह्या दोहोंच्या मध्ये आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे ‘येणं’. कळलं म्हणजे दुसऱ्यानं मांडलेलं आपल्याला पटलं. आलं म्हणजे समोर काहीही नसताना ते आपण पहिल्या ओळीपासून मांडू शकतो. तू रोज न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीवरून जात असशील. फोटोत दाखवलं तर चटकन ओळखशील. आता कागद घे आणि न बघता त्याची दर्शनी बाजू काढ: कमानी किती, खिडक्या कुठं, पायऱ्या कशा? हजार वेळा पाहूनही हात अडेल. तीनदा वाचलेल्या नोट्सचं नेमकं हेच होतं. तिसऱ्या वेळी प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, ‘हो, हे माहीत आहे’ असं मन म्हणतं आणि पान उलटलं जातं. प्रश्नपत्रिकेत मात्र ओळखायचं काही नसतं, तिथं काढून दाखवायचं असतं.

ही माझी एकटीची समजूत नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं: लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. तुझ्यासाठी ह्यातली पहिली पाच मिनिटं फार महत्त्वाची आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचताना आपल्याला येतंय असं जे वाटतं, ते ह्याच पाच मिनिटांचं वाटणं असतं.

तेव्हा एक सवय लाव, बाकीचं नंतर. ज्या दिवशी लेक्चर झालं त्याच संध्याकाळी, वही न उघडता, एका कोऱ्या कागदावर त्या तासात काय झालं ते लिही. व्याख्या, सूत्र, आकृती, सरांनी दिलेलं उदाहरण, जे आठवेल ते. पंधरा मिनिटं पुरतात. मग वही उघड आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनानं भर. पहिल्या आठवड्यात कागद लालच लाल दिसेल आणि वाईट वाटेल. वाटू दे. तो लाल भागच तुझा खरा अभ्यासक्रम आहे, निळा भाग तुला येतोच. तेच तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर लिहायचं, मग आठवड्यानं. तिसऱ्या वेळी लाल रेघा मोजक्या उरतात. मी शिकवलेल्या मुलांपैकी ज्यांनी हे सत्रभर केलं, त्यांना परीक्षेच्या आधी रात्री जागताना मी पाहिलं नाही.

सोडवलेल्या उदाहरणांचंही तेच. पुस्तकातलं उत्तर कागदानं झाक, फक्त प्रश्न वाच आणि हातात पेन घे. अडलीस तर वीस मिनिटं अडून राहा. मग कागद एकच ओळ खाली सरकव, तेवढंच बघ आणि पुन्हा स्वतः पुढं जा. ज्या ओळीशी अडलीस तिच्यापुढं खूण कर. क्लासमध्ये दोन वर्षं तुम्हाला आयएमपी प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं मिळत होती, त्यामुळे अडून राहण्याची सवयच राहिलेली नाही. ह्यात तुमचा दोष नाही. पण ती वीस मिनिटं कुणी दुसऱ्यानं तुझ्यासाठी भोगून चालत नाहीत.

एक उदाहरण देते. दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी हे फळ्यावर लिहीत असे. हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण आहे, मोलॅरिटी १० चा उणे आठवा घात. पीएच किती? साठ जणांच्या वर्गात पन्नास हात वर यायचे: ८. सूत्र (हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेचा उणे लॉगरिदम) बरोबर, आकडेमोड बरोबर. मग मी विचारायची, पीएच सातच्या वर म्हणजे अल्कधर्मी; पाण्यात आम्ल घातलं आणि द्रावण अल्कधर्मी झालं? वर्ग एकदम गप्प व्हायचा. ती शांतता मला फार आवडायची, कारण सूत्र सोडून पदार्थाचा विचार तिथं सुरू व्हायचा. उत्तर असं, की शुद्ध पाण्यात स्वतःचेच हायड्रोजन आयन असतात, २५ अंश सेल्सियसला १० च्या उणे सातव्या घाताइतके. ते आम्लातल्या आयनांच्या दहापट आहेत, त्यांना विसरून चालणार नाही. दोन्ही धरून, पाण्याच्या आयनीभवनाचा समतोल लावून वर्गसमीकरण सोडवलं की पीएच ६.९८ येतो. सातच्या किंचित खाली, जसा यायला हवा तसा.

हे सूत्र बारावीतही होतं आणि तुला पाठ होतं. विद्यापीठात त्याच्याबरोबर दोन प्रश्न जास्तीचे येतात: हे सूत्र कुठल्या अटीवर खरं आहे, आणि आलेलं उत्तर जगात शक्य आहे का? प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी हे दोन प्रश्न पेन्सिलीनं लिहून त्यांची उत्तरं देत जा. एककांच्या चुका इथंच सापडतात. एक मोल आदर्श वायूचं ० अंश सेल्सियस आणि एक वातावरण दाबाला आकारमान काढलंस आणि उत्तर २२७१ लिटर आलं, तर घाबरू नकोस. २२.४ च्या आसपास यायला हवं होतं हे तुला आठवतंय, म्हणजे कुठंतरी ८.३१४ हा ज्यूलमधला स्थिरांक लिटर-वातावरणाच्या जागी घातला गेलाय, तिथं ०.०८२१ हवा होता. जिला २२.४ आठवत नाही ती २२७१ लिहून पुढच्या प्रश्नाला जाते.

आता जर्नलबद्दल. ह्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तुझ्या प्रश्नात हे एकच वाक्य वाचून मला खरोखर दुःख झालं.

सीनियरचं जर्नल उतरवण्यात परीक्षकाची फसवणूक होते, ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट ही की आठवड्याला जे प्रयोगशाळेचे तास तुला मिळतात, ते तू परत करून टाकतेस. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन घे, म्हणजे एकात दुसरं थेंबाथेंबानं घालून तीव्रता काढणं. पहिल्या वर्षाला सगळे करतात. उतरवलेल्या जर्नलमध्ये काय असतं? तीन ओळींचं कोष्टक आणि एक नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रतेचा आकडा. प्रत्यक्षात काय घडतं ते बघ. ऑक्झॅलिक आम्लात विरल सल्फ्यूरिक आम्ल घालून तू ते ६०-७० अंशांपर्यंत तापवतेस. ब्युरेटमधून परमँगनेटचे पहिले थेंब पडतात, गुलाबी रंग येतो आणि जायलाच तयार होत नाही. प्रयोग बिघडला असं वाटतं. मग हळूच रंग जातो आणि त्यानंतरचे थेंब पडल्या पडल्या विरतात. हे का? अभिक्रियेत तयार झालेले मँगनीज आयनच तिचा वेग वाढवतात. पहिल्या थेंबांच्या वेळी ते जवळजवळ नसतात. स्वउत्प्रेरण म्हणतात ह्याला. पुस्तकात तो एक शब्द आहे. फ्लास्क हातात धरून, गुलाबी रंगाकडे पाहत थांबलेल्या मुलीला तो जन्मभर विसरता येत नाही.

अजून बघ. सल्फ्यूरिकच का, हायड्रोक्लोरिक का नाही? परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करून क्लोरीन सोडतं, मग ब्युरेटचं रीडिंग विनाकारण वाढतं. द्रावण तपकिरी गढूळ झालं? आम्ल कमी पडलं, मँगनीज डायऑक्साइड तयार झाला. बाकी सगळ्या द्रावणांत तू पातळीची खालची कड वाचतेस, इथं वरची, कारण गडद रंगात खालची दिसतच नाही. व्हायव्हाचे निम्मे प्रश्न ह्या एका बाकावर सुटतात. सीनियरच्या जर्नलमध्ये ह्यातलं काहीही नसतं, कारण त्यानंही ते कुणाचं तरी उतरवलेलं असतं.

माझी एक चूक सांगते. मी पहिल्या वर्षाला असताना टायट्रेशनमध्ये माझं रीडिंग ११.३ मिलिलिटर येत होतं आणि शेजारणीचं १०.०. तिचं छान पूर्ण आहे, म्हणजे तिचं बरोबर, असं समजून मी माझे आकडे खोडून १०.०, १०.१, १०.० असे लिहिले. आमच्या बाईंनी कोष्टक पाहिलं, काही न बोलता बाटल्यांकडे बोट दाखवलं. प्रत्येकीला वेगळ्या तीव्रतेचं द्रावण दिलेलं होतं. माझं ११.३ बरोबर होतं. बाईंनी मला पुन्हा सगळं करायला लावलं, आणि मी रडत ते केलं. त्या दिवसानंतर मी आकडा कधीच खोडला नाही. चुकला वाटला तर त्यावर एकच रेघ मारून शेजारी खरं लिहायची आणि कारण लिहायचं. तू पण हेच कर. कच्च्या वहीत पेनानं, त्याच क्षणी, बाकावर उभ्या उभ्या. सुट्या चिटोऱ्यावर नाही. आणि १० आणि १०.० ह्यांत फरक आहे हे लक्षात ठेव: ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या रेघा असतात, तेव्हा त्या दशांश शून्यानं तू सांगतेस की मी तिथपर्यंत पाहिलं. उलट कॅल्क्युलेटरनं दिलेले आठ दशांश उत्तरात लिहिणं म्हणजे जे पाहिलंच नाही ते पाहिल्याचं सांगणं.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गुरुत्वत्वरण काढायचा लंबक असेल. वीस आंदोलनं का मोजायची, हे कुणी सांगितलं नसेल तर स्वतः काढ. एक मीटरच्या लंबकाला एका आंदोलनाला सुमारे २ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना बोट ०.२ सेकंद तरी इकडंतिकडं होतं. एकच आंदोलन मोजलं तर चूक १० टक्के, आणि सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येतो म्हणून गुरुत्वत्वरणात २० टक्के. वीस मोजली तर ४० सेकंदांत तीच ०.२ सेकंदांची चूक म्हणजे अर्धा टक्का, उत्तरात एक टक्का. तेच बोट, तेच घड्याळ. हा हिशेब प्रयोगाच्या आदल्या दिवशी घरी केलास तर प्रयोगशाळेत तू सांगकाम्यासारखी उभी राहणार नाहीस.

म्हणून प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास: काय मोजायचं, कशानं, सर्वांत मोठी चूक कुठून येईल, उत्तर साधारण कितीच्या घरात यावं. एवढं कच्च्या वहीत लिहून जा. जर्नल त्याच रात्री पूर्ण कर, स्वतःच्या आकड्यांवर. उत्तर चुकीचं आलं तर चुकीचंच लिही आणि खाली कारण शोध. नीट शोधलेल्या चुकीला मी नेहमी बरोबर उत्तरापेक्षा जास्त गुण देत आले, आणि असे शिक्षक तुलाही भेटतील. (सुरक्षेचं मोजकंच: केस बांधलेले, ओढणी खोचलेली, डोळ्यांना चष्मा, पिपेटला रबरी बल्ब, तोंड कधीही नाही, आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. ह्यात कुणी घाई करायला लावलं तरी ऐकू नकोस.)

बी ग्रुप म्हणजे दहावीनंतर तुझं गणित सुटलं. भौतिक रसायनशास्त्र जड जातंय ते बहुधा त्यामुळे, रसायनामुळे नव्हे. हे स्वतःशी कबूल कर आणि रोज अर्धा तास निव्वळ गणिताला दे, दिवाळीपर्यंत. क्रम असा ठेव: घातांक आणि लॉगरिदम, सरळ रेषेचा आलेख आणि चढ, मग विकलन, मग समाकलन. आंशिक विकलन उष्मागतिकीच्या वेळी लागेल, तोवर थांब.

सूत्राआधी आलेख. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा वेगस्थिरांक मिनिटाला ०.०२३१ असेल तर अर्धायु ०.६९३ भागिले ०.०२३१, म्हणजे ३० मिनिटं. ग्राफपेपर घे आणि १०० पासून सुरू करून दर ३० मिनिटांनी निम्मं करत जा: ५०, २५, १२.५. वळलेली रेघ येईल. आता त्याच आकड्यांचे नैसर्गिक लॉगरिदम काढून दुसऱ्या कागदावर मांड. सरळ रेघ येईल, आणि तिचा उतार मोजलास तर ०.०२३१ परत मिळेल. समाकलन न येताही तुला दिसलं की लॉगरिदम इथं कशासाठी आले. नंतर समाकलन शिकशील तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होईल. शंभरच्या जागी ६० घेऊन पुन्हा कर; अर्धायु तीच राहते हे हातानं अनुभव.

भाषेचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो आहे. घरी मराठी, शाळा गुजराती, पुस्तक इंग्रजी. गुजरातीत वेगमान म्हणतात ते मराठीत संवेग, आणि इंग्रजीत मोमेंटम. गुजराती प्रवेग म्हणजे मराठी त्वरण. बडोद्याला ह्याची सवय जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यानं १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश काढला होता, म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं शेजारी शेजारी ठेवणं इथं कमीपणाचं कधीच नव्हतं. तू एक छोटी वही कर: इंग्रजी शब्द, गुजराती शब्द, मराठी शब्द, आणि चौथ्या रकान्यात तुझ्या स्वतःच्या शब्दांत अर्थ. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असली तरी विचार ज्या भाषेत स्वच्छ होतो त्या भाषेत कर. एन्ट्रॉपी काय आहे हे आईला मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता, पाच मिनिटं सांगून बघ. जिथं तुला ‘ते असं असतं ना’ म्हणावं लागेल, तिथं तुलाच नीट कळलेलं नाही. त्या जागी परत जा.

वेळेचं गणित सरळ आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका क्रेडिटला अभ्यासाचे ३० तास धरलेले आहेत. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे १२० तास. थिअरीचा असेल तर त्यातले साधारण ६० वर्गात जातात, उरलेले ६० तुझे स्वतःचे. म्हणजे वर्गातल्या प्रत्येक तासाला घरी एक तास, हे फार मागणं नाही. अडचण अशी की पहिलं सत्र आपल्याकडे गणपती, नवरात्र आणि दिवाळी ह्यांच्यातून जातं. गरबा सोडायला मी सांगणार नाही, मी स्वतः सोडला नव्हता. पण त्या नऊ रात्री जागरण होणार हे आज माहीत आहे, तर त्या दिवसांचे कोरे कागद दुपारी लिहायचे हे आजच ठरव. नऊ दिवसांचा लाल भाग एकदम भरायला बसलीस तर दिवाळी त्यातच जाईल.

मोबाइलवरच्या व्हिडिओंबद्दल एवढंच, की चांगले आहेत, पण तीही लेक्चरंच. बघून झालं की कोरा कागद.

अभ्यासाला सोबत हवी, दोन किंवा तीन जणी, पाच नको. एकत्र वाचत बसू नका. प्रत्येकीनं एक भाग घरून करून आणायचा आणि दुसरीला शिकवायचा, शिकणारीनं ‘का?’ एवढंच विचारत राहायचं. हे विद्यापीठाच्या बाकावर करा, नाहीतर सेव-उसळीच्या लारीपाशी उभ्यानं करा, सारखंच चालतं. आणि हंसा मेहता लायब्ररीत आठवड्यातून एकदा तरी जा. ज्यांचं नाव तिला आहे त्या हंसाबेन इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू, १९४९ पासूनच्या. मुलींनी तिथं हक्कानं बसावं. एक पुस्तक मुख्य धर, पण अडलेला मुद्दा दुसऱ्या दोन पुस्तकांत उघडून बघ. एकाच गोष्टीकडे तीन लेखक तीन बाजूंनी येतात आणि त्यातली एक वाट तुला जवळची निघते.

सरांकडे जाताना ‘चॅप्टर समजला नाही’ असं म्हणून जाऊ नकोस. त्याला कुणीही काय उत्तर देणार? अडलेला कागद घेऊन जा: ‘इथपर्यंत मला आलं, ह्या ओळीनंतर येत नाही.’ इतकी वर्षं शिकवताना असा कागद घेऊन आलेल्या मुलाला परत पाठवलेलं मला आठवत नाही. वर्गात प्रश्न विचारायची लाज वाटत असेल तर तास संपल्यावर व्हरांड्यात गाठ. पण त्याच दिवशी.

घरचे म्हणतात ना, ‘बी.एस्सी.च तर आहे’. त्यांना रागानं उत्तर देऊ नकोस, त्यांना तुझी काळजी आहे. एक गोष्ट मात्र सांग. वेंकटरामन रामकृष्णन लहानपणी बडोद्यात आले, इथंच वाढले. वडील इथंच विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकवत. १९७१ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठातून ते भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले. ओहायोत १९७६ साली भौतिकशास्त्रातच पीएच.डी. झाली, आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकायचं म्हणून ते कॅलिफोर्नियात पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. २००९ साली रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) रचनेवरच्या कामासाठी त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि एडा योनाथ ह्यांच्यासह नोबेल मिळालं, रसायनशास्त्राचं. सगळ्यांना नोबेल मिळतं असं मी म्हणत नाही. मला त्यातला मधला भाग तुला दाखवायचा आहे: पीएच.डी. झालेला माणूस दुसऱ्या विषयाच्या पहिल्या पायरीवर पुन्हा येऊन बसला, आणि त्याच्या पदवीचं भौतिकशास्त्र त्याच्या उपयोगी पडलं. नीटमधून जागा न मिळालेली मुलगी रसायनशास्त्राच्या पहिल्या पायरीवर बसली आहे, तर तिनं खाली मान घालायचं कारण नाही. पुन्हा नीट द्यायची का, हे मात्र ह्याच महिन्यात घरच्यांशी बसून ठरव. दोन्हीकडे एकेक पाय ठेवून वर्ष घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन्हीकडचं गेलं की ती फार खचतात. आणि एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षांचा विचार दुसऱ्या वर्षाच्या शेवटी केला तरी चालेल.

आता लगेच काय करायचं ते सांगते. त्या ३० गुणांच्या टेस्टची प्रश्नपत्रिका तुझ्याकडे असेल. रविवारी सकाळी, वही-मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, ती पुन्हा सोडव, वेळ न लावता. जिथं अडशील तिथं पेन्सिलीनं गोल कर आणि पुढं जा. मग वही उघडून प्रत्येक गोलाशेजारी चारपैकी एक शब्द लिही: व्याख्या, गणित, एकक, भाषा. कुठला शब्द जास्त वेळा आला ते मोज. गणित जास्त असेल तर वरचा अर्धा तास सोमवारपासून. भाषा असेल तर चार रकान्यांची वही. तो कागद फेकू नकोस. मला पाठव, सोबत ह्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलची कच्ची वहीही, जशी असेल तशी, खाडाखोडीसकट.